शरदांतील डोंगर आणि घरांतील लहानगें

दसऱ्याचें सोनें वांटून झालें, कोजागिरीचें दूध आटलें, कीं आमच्याकडील पुष्कळ घरांत एक प्रश्न दरवर्षीं निघतो : दिवाळीच्या सुटींत मुलांना घेऊन कोठें जावें ? ज्यांस चिखलदरा साधतो त्यांनीं तिकडे जावें. परंतु ज्यांस तो साधत नाहीं त्यांनीं आपल्या उंबऱ्याजवळचा डोंगर कां पाहूं नये, असें आमचें म्हणणें आहे.

भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. कळसूबाईसारखें १६४६ मीटर उंचीचें शिखर आमच्या वांट्यास आलेलें नाहीं. तथापि तुमसर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशींतील डोंगर आहेत आणि त्यांवर आंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण यानें सुमारें १७०० सालीं तो बांधविला. पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्याचा तुरुंग झाला. गडावरील विहिरीचें दूषित पाणी पाजून कैद्यांचा अंत करीत, अशी कथा लोक अजूनहि सांगतात. त्याच डोंगरांत गायमुख आहे. तेथें महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला आणि नागझिरा व नवेगांव बांध तिकडे गेले. तेव्हांपासून आंबागडाचें मोल आम्हांस अधिकच वाटूं लागलें.

पाऊस पूर्व विदर्भांतून साधारणतः ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास मागें हटतो. त्यानंतर वाटेवरचें शेवाळ वाळतें, ओढ्यांना थोडें पाणी असतें, खालीं धान पिवळें पडूं लागतें, तळ्यांतले शिंगाडे बाजारांत येतात. मात्र सकाळचा गारवा फसवा असतो. अकरानंतरचें ऊन वैशाखाची आठवण करून देतें. या फसवणुकीस आम्ही गतवर्षीं बळी पडलों. तें येथें सांगणें आम्हांस भूषणावह नाहीं, तरी उपयोगाचें आहे.

आमच्या मंडळींत थोरल्या बंधूंचा सहा वर्षांचा मुलगा होता. पुऱ्या तळण्यांत वेळ गेला आणि डोंगराच्या पायथ्याशीं आम्ही साडेनऊस पोंचलों. पांच मोठीं माणसें व एक मूल मिळून पाणी होतें तीन बाटल्या. मुलाच्या पायांत दिवाळीचे नवे बूट. अर्धी वाट झाली नाहीं तोंच वहिनी म्हणाल्या, “भावोजी, बाळ गप्प झाला आहे. आपण परत फिरूं या.” आम्ही म्हणालों, “आतां थोडेंच राहिलें.” बंधूहि तेंच म्हणाले. आणखी अर्ध्या घटकेनें मूल दगडावर बसलें तें उठेना. ओठ सुकलेले, टाचेला फोड, आणि सकाळपासून तें लघवीस गेलेलें नव्हतें. त्यास पाठीवर घेऊन आम्ही खालीं उतरलों. घोट घोट पाणी पाजल्यावर घटकाभरानें तें सांवरलें. घरीं आल्यावर आईंनीं कोणासहि बोल लाविला नाहीं. बाळ मात्र आजीच्या मांडीवर डोकें ठेवून म्हणाला, “आजी, मी हरलों.” हें वाक्य आम्हांस वर्षभर बोंचत आहे. हरलों होतों तें आम्ही. आणि त्याचें ओझें त्या लेंकरानें उचललें.

यंदा बेत करितांना आम्ही तो गडावरून न करितां मुलावरून केला. ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो व साडेपांचनंतर लौकरच मावळतो. तेव्हां नीट उजाडल्यावर चढावयास लागावें आणि ऊन तापण्यापूर्वीं उतरावें. रानांत बिबट्या व अस्वल यांचा वावर असतो. अंधारांत चालूं नये, आणि मुलास पुढें धांवूं देऊं नये. वाट खुली आहे कीं नाहीं, वनखात्याची कांहीं अट आहे कीं काय, हें आदल्या दिवशीं विचारून ठेवावें.

पाणी प्रत्येक मोठ्या माणसामागें दोन लिटर व मुलासाठीं निराळें एक लिटर. शिवाय एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली, चमचा चहाचा. डब्यांत पुऱ्यांऐवजीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ. तळण्याचा घाट नसला म्हणजे घरांतील बायकांनाहि पहांटे चूल धरून बसावें लागत नाहीं.

बूट रोजच्या वापरांतले, मोजे लांब, पाय झांकणारी विजार. गवतावर लोळूं देऊं नये. पावसाळ्यानंतरच्या झुडपांत बारीक चिगर किडे असतात. त्यांच्या दंशानें स्क्रब टायफसचा ज्वर येतो. २०१८ सालीं नागपुराकडे त्याची मोठी साथ झाली होती. घरीं येतांच मुलास न्हाऊं घालून कपडे धुवावे. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डोंगरावर गेलों होतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. जुन्या तटांना आग्यामोहोळ असतें, म्हणून धूर व अत्तर दोन्हीं वर्ज्य. दगडांच्या कपारींत हात घालूं नये. सर्पदंश झालाच तर चिरणें, चोखणें, बांधणें यांपैकीं कांहीं न करितां तो अवयव न हलवितां रुग्णालय गांठावें. १०८ हा क्रमांक सर्वांस पाठ असावा.

हा सर्व बेत आम्हीं आईंस वाचून दाखविला. त्यांनीं तो पूर्ण ऐकला आणि एकच विचारलें, “परत फिरायचें कोणी ठरवायचें ?” आम्हीं सांगितलें, दहा वाजले कीं जेथें असूं तेथून उतरावयाचें. आई म्हणाल्या, “घड्याळ तुमचें. गेल्या वर्षीं सूनबाईनें आधींच सांगितलें होतें. तें ऐकायला घड्याळ कशाला हवें होतें?”

बंधूंनीं मान खालीं घातली, आम्हींहि घातली. त्या दिवसाची ती गोष्ट आईंस कोणी सांगितली होती, तें आम्हीं विचारलें नाहीं. यंदा असें ठरलें आहे कीं, वहिनींनीं ‘पुरे’ म्हटलें कीं वाद न करितां सर्वांनीं वळावयाचें. बाळाच्या गळ्यांत एक शिट्टी असेल. ती वाजली कीं मंडळींनीं बसावयाचें, मग कोणी कितीहि मोठा असो.

गडाचा माथा लागेल कीं नाहीं, हें आज सांगतां येत नाहीं. न लागला तर तो पुढल्या वर्षीं तेथेंच असेल. मात्र खालीं उतरल्यावर बाळ आजीस काय सांगतो, तें ऐकण्यासाठीं आम्ही उत्सुक आहोंत.