छोटे इंजिन, मोठा जोर

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात रंगावर, डिकीवर आणि मासिक हप्त्यावर भरपूर चर्चा होते. त्यात हल्ली एका प्रश्नाची भर पडली आहे. एवढेसे टर्बो इंजिन टिकणार किती? कर्ज फिटायच्या आतच ते मान टाकणार नाही ना?

शंका अगदीच निराधार नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन चाळीसच्या आसपास अश्वशक्ती देत असे. चाकणला बनणाऱ्या टायगूनचे ९९९ सीसीचे इंजिन ११५ देते. आकार पावपटीने वाढला आणि जोर जवळजवळ तिप्पट झाला. ही करामत टर्बोची. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त धुराच्या झोतावर एक चिमुकले चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात जादा हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त आणि ताकदही जास्त.

मग झीजही तिप्पट होते का? नाही. असे इंजिन बनवतानाच त्याचे भाग अधिक मजबूत करतात, शिवाय शहरात रोज पूर्ण ताकद वापरलीच जात नाही. खरा धोका आहे तो ऑइलकडे दुर्लक्ष करण्यात. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल जुने झाले, कमी पडले किंवा तापून करपले, की आधी टर्बो जातो आणि मग इंजिनाचे दुखणे सुरू होते.

कधी दोष मुळात रचनेतही असतो. फोर्डच्या एक लिटरच्या टर्बो इंजिनात ऑइलचा पंप फिरवणारा पट्टा ऑइलमध्येच बुडालेला असे. तो किंवा त्याला ताणून धरणारा भाग खराब झाला, की ऑइलचा दाब जाऊन इंजिन बंद पडण्याची भीती होती. म्हणून २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेत इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. तिथली इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईतच बनलेली होती.

आता जयपूरच्या विद्याधर नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची गाडी घ्या. सकाळी मुलांची शाळा, संध्याकाळी भाजी, सगळ्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या. हिवाळ्यात इंजिन नीट तापण्याआधीच बंद होते आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये मिसळत राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, सीकर रोडच्या कोंडीत गाडी तासभर रांगते, वर आंधीची धूळ. मीटरवर किलोमीटर थोडे दिसतात, पण इंजिनाचे हाल फार झालेले असतात. गाडीच्या पुस्तिकेत ज्याला 'खडतर वापर' म्हणतात, तो हाच.

अशा वेळी काही पथ्ये पाळावीत :

● ऑइल केवळ किलोमीटर पाहून नव्हे, महिने मोजून बदला. नेहमीची मुदत १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असली, तरी खडतर वापरासाठी पुस्तिकेत दिलेली कमी मुदतच पाळा.

● पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल घाला. चारपाचशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा टर्बो गमावू नका.

● महिन्यातून एकदा ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा, कूलंटकडेही नजर टाका. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर तपासून घ्या.

● इंजिन थंड असताना ॲक्सिलरेटर दाबू नका. खाटूश्यामजीहून भरधाव आल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे टर्बो निवेल.

● वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगात इंजिन कुथत असेल, तर खालचा गिअर टाका.

जुनी टर्बो गाडी घेताना मीटरच्या आकड्यावर भाळू नका. सर्व्हिसची बिले मागा आणि दोन बिलांमधले अंतर तपासा. ८० हजार किलोमीटर चाललेली, पण वेळेवर ऑइल मिळालेली गाडी एखाद्या वेळी ३० हजार चाललेल्या उपेक्षित गाडीपेक्षा चांगली निघते. विकणारा बिले दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर गाडी कितीही चकचकीत असो, तिथून सरळ घरी परतावे.