सुपरचार्जरचे किट आणि आपली पोरे

परदेशातला एखादा तरुण शनिवारी सकाळी घरच्या गॅरेजमध्ये गाडीचे बॉनेट उघडतो, खोक्यातून सुपरचार्जरचे किट बाहेर काढतो आणि रविवारी संध्याकाळी तीच गाडी गुरगुरत रस्त्यावर नेतो. असे व्हिडिओ आपल्या मोहल्ल्यांतली मुले आवडीने पाहतात. त्यानंतर प्रश्न येतोच, "सर, हे आपल्या गाडीला बसेल का?" मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इंजिन नाही. तरीही हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो, कारण मुलांना उत्तर आपल्या भाषेत हवे असते.

घरातली मोठी माणसे या प्रश्नाला दोनच उत्तरे देतात. एक, "आधी अभ्यास कर." दुसरे, "पैसे झाडाला लागलेत का?" दोन्ही उत्तरांनी मुलाचे तोंड बंद होते, शंका मात्र तशीच राहते. माझ्या मते प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर "बसवू नकोस" असेच आहे. पण का बसवू नये, हे समजावून सांगितले नाही तर मुलाला ती केवळ मोठ्यांची अडवणूक वाटते.

सुपरचार्जर म्हणजे लोहाराच्या भात्याचा वंशज. हे नुसते म्हणण्यापुरते नाही. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या हवेच्या पंपाचे पेटंट घेतले, तो पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठी वापरला गेला, आणि त्याच घडणीचा पंप नंतर मोटारीच्या इंजिनावर चढला. साधे इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा आत ओढते, तेवढ्यावरच चालते. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्याहून जास्त हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येते. पेट्रोल जास्त जळले, तर ताकद जास्त. टर्बोचे कामही हेच, फक्त तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो.

इथपर्यंत व्हिडिओ बरोबर सांगतो. पुढचा हिशेब त्यात सहसा नसतो.

समजा, किट ०.४ बार जादा दाब देते. कागदावर हवा ४० टक्क्यांनी वाढली. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाला हात लावून पाहा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४२ अंशांची असते. साध्या पद्धतीचा सुपरचार्जर तिला दाबून सोडतो तेव्हा तिचे तापमान नव्वदीच्या पुढे गेलेले असते. तापलेली हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते. मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल, तर ४० टक्क्यांचा फायदा निम्म्यावर येतो. शिवाय सुपरचार्जर फिरवायला लागणारी ताकदही इंजिनातूनच जाते.

फायदा कमी झाला एवढ्यावर हे थांबत नाही. आत गेलेली ही गरम हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत पिस्टन मिश्रणाला दहाएक पट दाबतो. ते प्रमाण साध्या हवेचा विचार करून ठरवलेले असते. त्यात आधीच दाबलेली, तापलेली हवा आली की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेटतो. मिस्त्री म्हणतात, इंजिन ठोकतेय. ही ठोक फार वेळ चालली तर पिस्टनला भोक पडते. ती टाळायची तर ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. साधारण १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. दाब असताना पेट्रोल याहूनही सढळ द्यावे लागते. मग जुने इंजेक्टर अपुरे पडतात, पेट्रोलचा पंप अपुरा पडतो आणि गाडीच्या संगणकातले सगळे आकडे नव्याने भरावे लागतात. त्यानंतर क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर. आणि ब्रेक! ताशी ८० ऐवजी १२० च्या वेगाने धावणारी गाडी थांबवायची, तर ब्रेकला दीडपट नाही, सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. हे सूत्र आठवी-नववीच्या विज्ञानात येते. किटच्या खोक्यात मात्र ब्रेक नसतात.

म्हणजे नटबोल्ट आवळणे हे या कामातले सर्वात सोपे काम. ते आपल्या शहरातल्या कुठल्याही चांगल्या गॅरेजमधला अठरा वर्षांचा पोरगा करू शकेल. अवघड आहे ते न दिसणारे काम, आणि ते नेमके दोन दिवसांच्या व्हिडिओत दिसत नाही.

इतिहासातला एक दाखला मुलांना नेहमी आवडतो. १९३० च्या सुमारास बेंटली या नामांकित इंग्रज कंपनीच्या गाडीला सुपरचार्जर बसवण्याचा आग्रह टिम बर्किन या शर्यतपटूने धरला. कंपनीचा संस्थापक आणि इंजिनांचा जाणकार डब्ल्यू. ओ. बेंटली याचा त्याला विरोध होता. ताकद हवी तर इंजिनच मोठे करा, असे त्याचे मत. १९३० च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही प्रकारच्या गाड्या उतरल्या. सुपरचार्जरवाल्या गाड्या वेगवान होत्या, पण शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली, मोठ्या इंजिनाची बेंटली. पैसा, कारखाना, निष्णात कारागीर सगळे हाताशी असताना हे झाले. याचा अर्थ सुपरचार्जर वाईट असा नाही. ज्या ऑडीच्या गाड्या आपल्या शेंद्र्यात जोडल्या जातात, त्याच कंपनीने आपल्या ३ लिटरच्या पेट्रोल इंजिनात अनेक वर्षे सुपरचार्जर वापरला. पण तिथे ते इंजिन पहिल्या रेघेपासून त्या दाबासाठी आखलेले होते. फरक आहे तो इथे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने दिलेली आणि आरसीवर नोंदलेली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही स्पष्ट केली : नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, तो त्रास वेगळाच.

यावर मुले म्हणतात, "मग सरकारला आमचे डोके चालवलेलेच नको आहे." हा आरोप अर्धाच खरा आहे. सीएनजीचे किट पाहा. तेही बाहेरून बसवले जाते, तेही इंजिनाचा स्वभाव बदलते. तरी ते कायदेशीर आहे, कारण त्याला वाट आखून दिलेली आहे. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. ते अधिकृत केंद्रातच बसवावे लागते. आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते. २०२२ मध्ये बीएस-६ गाड्यांनाही असे किट बसवण्याची मुभा मिळाली. म्हणजे फेरफार हा गुन्हा नाही; न तपासलेला, न नोंदवलेला फेरफार हा गुन्हा आहे. आपल्या गल्ल्यांत हा भेद कुणी समजावून सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटते की कायदा म्हणजे चौकात उभा असलेला हवालदार.

उरलेला अर्धा आरोप मात्र मला मान्य आहे. सीएनजीसाठी जशी वाट आहे, तशी लहान कारागिराच्या कल्पनेसाठी नाही. एखाद्या मिस्त्रीने काही चांगले घडवले, तर ते घेऊन त्याने कुठल्या दारात जायचे? चाचणीचा खर्च मोठ्या कंपनीला झेपतो, गॅरेजवाल्याला नाही. ज्या शहरात १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडा आहे, सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग आहे, त्या शहरात तरी जिल्ह्याच्या पातळीवर असा एक दरवाजा असायला हवा. कारागिराने आपले काम आणावे, जाणत्यांनी ते तपासावे, काय चुकते ते सांगावे. ही मागणी आपण करत नाही. आपण मागतो ते चौकातून सुटण्यासाठी कुणाचा तरी फोन.

आणि आता जे बोलायला जड जाते ते. आपल्या समाजाला ‘पंक्चरवाले’ हा टोमणा वर्षानुवर्षे ऐकावा लागतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते की, मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी आहेत. म्हणजे हातात पाना असणे ही बहुतेकदा निवड नव्हती, परिस्थिती होती. या टोमण्याला आपण दोन चुकीची उत्तरे देत आलो. काही घरांनी मुलांना पान्याची लाज वाटायला शिकवले. अब्बाचे गॅरेज असले तरी शाळेत "बिझनेस" सांगायचे. दुसरीकडे काही मुलांनी गाडीच मोठ्या आवाजाची केली, जणू सायलेन्सर कापला की टोमणा ऐकू येणार नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले. त्या ढिगात पैसा होता, मेहनत होती, आणि कौशल्यही होते. सगळे भंगारात गेले.

लाज वाटण्यासारखे पान्यात काही नाही. मी गॅरेजांत असे उस्ताद पाहिले आहेत जे इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगतात. त्यांचा शागिर्द हे सारे बघून बघून शिकतो. पण त्याला ‘का’ विचारले तर तो अडतो, कारण ‘का’ पुस्तकात आहे आणि पुस्तक त्याच्या भाषेत नाही. गॅरेजची बोली दखनी, शाळेची भाषा उर्दू किंवा मराठी, आणि इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत. या तीन पायऱ्यांच्या मध्ये आपली कितीतरी हुशार मुले घसरतात. भाषा शिकवणारा म्हणून मला हे सर्वात जास्त खुपते. दाब, तापमान, घनता, ऊर्जा हे मराठी पाठ्यपुस्तकातले शब्द आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलाने ते मराठीतही आत्मसात केले, तर शागिर्दाचा हात आणि अभियंत्याचा हिशेब एकाच माणसात येऊ शकतो. मराठी ही फक्त सरकारी अर्ज भरण्याची भाषा आहे असे समजून आपण ती शिकतो, तिथेच नुकसान होते.

तेव्हा सुपरचार्जर विचारणाऱ्या मुलाला माझे उत्तर असे असते. तुझ्या अब्बांच्या गाडीला हात लावू नकोस; ती गाडी अम्मीला दवाखान्यात नेते, बहिणीला कॉलेजला सोडते. गल्लीत जॅकवर उचललेली गाडी आजूबाजूला खेळणाऱ्या लहान मुलांसाठी धोका आहे. पण दहावीनंतर आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी कर. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये काय शिकवतात ते जाऊन बघ. अभियांत्रिकीला गेलास तर ‘बाहा’ स्पर्धा आहे. तिथे विद्यार्थी स्वतः गाडी आखतात, जोडतात, आणि तपासणीत पास झाली तरच ती मैदानात उतरते. तिथे डोके हवे तितके चालव. शिवाय गॅरेजमध्ये ज्यांनी दहा-पंधरा वर्षे काम केले आहे, त्यांच्या आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. तुझ्या उस्तादांना ते सांग, अर्ज भरायला मदत कर. त्यांनी तुला हुनर दिले, तू त्यांना कागद मिळवून दे.

पालकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. त्याला वही आणायला सांगा. हवा किती, पेट्रोल किती, तापमान किती, खर्च किती, दंड किती, सगळे मांडायला लावा. हिशेब त्याने स्वतः केला की किट बसवायचे की नाही, हे त्याला तुम्ही सांगायची गरज उरणार नाही. आणि हिशेबात त्याला गोडी लागली, तर त्याची फी भरायची तयारी ठेवा.