जानेवारीतली शर्यत

मोटारींच्या शर्यतीतला गडी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. डोक्यावर भले थोरले शिरस्त्राण, अंगात आगीला दाद न देणारा पोशाख आणि वाऱ्याशी पैज मारणारी मोटार. हा माणूस बारा महिने असाच भिरभिरत असणार, अशी आपली समजूत! पण जरा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. 'ब्रिटिश टूरिंग कार' या इंग्लंडातल्या नामांकित स्पर्धेच्या २०२५ सालच्या हंगामात दहा मेळाव्यांत मिळून तीस शर्यती झाल्या. एकेक शर्यत साधारण वीस-पंचवीस मिनिटांची. म्हणजे तीसच्या तीस शर्यती धावल्या, तरी प्रत्यक्ष शर्यतीचा वेळ पंधरा तासांहून कमीच भरतो. आपला कचेरीतला कारकून दोन दिवसांत याहून अधिक वेळ खुर्चीवर बसतो!

मग बाकीचे वर्ष हे गृहस्थ करतात तरी काय? सराव करतात, व्यायाम करतात, हे खरेच. पण खरी लगबग पाहायची तर ती जानेवारीतच. इंग्लंडात त्या दिवसांत थंडी-पावसाने शर्यतीचे रस्ते ओस पडलेले असतात, मोटारी सुट्या करून ठेवलेल्या असतात आणि नव्या हंगामाची जुळवाजुळव चालू असते. नेमक्या या निवांत महिन्यात मोटार-शर्यतींचे प्रदर्शन भरवायचे, ही तिथली जुनी चाल. १९६० च्या जानेवारीत लंडनला असे 'रेसिंग कार शो' पहिल्यांदा भरले. पुढे बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरच्या अवाढव्य दालनांतून 'ऑटोस्पोर्ट इंटरनॅशनल' हे प्रदर्शन वर्षानुवर्षे भरत असे. त्याचे चार दिवस. गुरुवार-शुक्रवार मुख्यतः धंदेवाल्यांचे, शनिवार-रविवार सर्वांना मोकळे.

या चार दिवसांत शर्यतपटूला उसंत म्हणून नसे. सकाळी आश्रयदात्या कंपनीच्या गाळ्यावर हसतमुखाने उभे राहायचे, तेल किंवा टायर विकणाऱ्यांच्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करायचे, मग व्यासपीठावर जाऊन मुलाखत द्यायची. तिथून धावत येऊन आपले छायाचित्र छापलेल्या कार्डांवर पोरांसाठी सह्या ठोकायच्या. शेजारच्या दालनात आखाडा केलेला असे. तिथे गर्दीपुढे मोटारी गर्रकन फिरवून दाखवणारेही यांच्यातलेच. मधल्या फटीत शिरस्त्राणाचे माप द्यायचे. पायांत शर्यतीच्या बुटांऐवजी साधे बूट, आणि सारी शर्यत पायीच!

पण ही झाली वरवरची धावपळ. ज्याची जागा पक्की आहे त्याची. ज्याला नव्या हंगामासाठी मोटारच मिळालेली नाही, त्याची तऱ्हा निराळी. तुळशीचे लग्न लागले की पूर्वी आपल्याकडे उपवर मुलींचे बाप पत्रिका घेऊन उंबरठे झिजवू लागत. तसा हा तरुण आपल्या पराक्रमाचे कागद बगलेत मारून एकेका संघाच्या व्यवस्थापकाला गाठत असतो. व्यवस्थापक कौतुक करतो, पाठ थोपटतो आणि शेवटी हळूच विचारतो, "बरोबर काय आणणार?" होय मंडळी, हुंडाच तो! खालच्या पायरीवरच्या शर्यतींत चालकाला पगार मिळणे दूरच. टायर, इंजिन, कारागिरांचे पगार आणि प्रवास यांचा खर्च भागवायला पैसा बहुधा चालकानेच आणायचा असतो.

तो आणायचा कुठून? पूर्वी या मोटारी आपापल्या देशाच्या रंगात धावत. इंग्रजांची हिरवी, इटालियनांची लाल. १९६८ साली लोटस संघाने देशाचा हिरवा रंग उतरवून आपल्या मोटारींना 'गोल्ड लीफ' सिगारेटचे रंग दिले, आणि जाहिरातींना वाट मोकळी झाली. तेव्हापासून मोटार हा धावता फलक झाला आणि चालक त्या फलकाचा विक्रेता.

विक्री साधली नाही, तर घरच्या चीजवस्तूंवर पाळी येते. ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने १९७१ साली आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले आणि मार्च संघात जागा मिळवली. याच बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या नायजेल मॅन्सेलने तर १९७८ मध्ये राहते घर विकून शर्यतीचा खर्च भागवला. बायकोने कोणत्या मनाने हो म्हटले असेल, हे आमच्या वाचक भगिनींनीच सांगावे! लाउडा पुढे तीनदा जगज्जेता झाला, मॅन्सेल १९९२ साली झाला, म्हणून या कथा आपण चवीने सांगतो. घर विकूनही ज्यांना मोटार मिळाली नाही, त्यांच्या कथा सांगायला कोणी बसत नाही.

बरे, जिंकले की चिंता मिटते म्हणावे, तर तसेही नाही. स्त्रियांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या 'डब्ल्यू सिरीज'मध्ये चालकांकडून पैसा घेत नसत. तिथे इंग्लंडची जेमी चॅडविक तिन्ही हंगामांत अजिंक्य ठरली. पण २०२२ साली त्या स्पर्धेचीच गंगाजळी आटली आणि उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. आपल्या मुंबईचा जेहान दारूवालाही असाच हकनाक अडलेला. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून निवडलेल्या तीन मुलांपैकी तो एक. २०२० मध्ये फॉर्म्युला टू ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. तरी वरच्या फॉर्म्युला वन मध्ये त्याला शर्यतीची जागा मिळाली नाही. २०२५ साली तिथे साऱ्या जगासाठी जागा होत्या अवघ्या वीस!

शर्यतीचे घड्याळ मोठे निःपक्षपाती असते, ते कोणाचा बाप काय करतो हे विचारत नाही. पण त्या घड्याळापुढे उभे राहण्याची परवानगी मात्र जानेवारीतल्या या बाजारातून आणावी लागते. तेव्हा वाचकहो, यापुढे विजेता व्यासपीठावर बाटली फेसाळवताना दिसला, तर त्याच्या छातीवरची नावे जरा सावकाश वाचा. त्या एकेका नावासाठी कोणीतरी दिवसभर उभे राहून, गाल दुखेपर्यंत हसून, अनोळखी हात हातात घेतलेले असतात.