लपवलेली गोळी

गुडघेदुखीसाठी आलेली बाई डॉक्टरांना रक्तदाबाची गोळी सांगते, मधुमेहाचीही सांगते. नैराश्यासाठी रोज घेत असलेल्या एस्सिटालोप्रामचे नाव मात्र तिच्या ओठांवर येत नाही, कारण शेजारी सून बसलेली असते. डॉक्टरही विचारत नाहीत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक लिहून दिले जाते, आणि जठरातील रक्तस्रावाचा धोका सुरू होतो तो इथे.

रक्तातील प्लेटलेट्स सेरोटोनिन हे रसायन स्वतः तयार करत नाहीत. ते शोषून साठवतात आणि जखम झाली की सोडतात, त्यामुळे रक्त गोठायला मदत होते. एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्यरोधके मेंदूप्रमाणे प्लेटलेट्समध्येही हे शोषण रोखतात, म्हणून रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. त्यातच डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके जठराचे अस्तर दुबळी करतात. जोडीला अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध असेल, तर धोका आणखी वाढतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश संशोधकांच्या अभ्यासात ही नैराश्यरोधके घेणाऱ्यांमध्ये जठर व लगतच्या आतड्यातील रक्तस्रावाचा धोका सुमारे तिप्पट आढळला, वेदनाशामकांची जोड मिळाली की तो पंधरा पटींवर गेला. नुसत्या नैराश्यरोधकाचा हिशेब मात्र साधारण आठ हजार चिठ्ठ्यांमागे एक रुग्ण, इतकाच होता.

हा शेवटचा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत. अर्धवट ऐकून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. ती अचानक सोडली तर चक्कर, झोपमोड, बेचैनी होऊ शकते. मूळ आजार उलटला तर जिवावर बेतू शकते. वाचवायचे आहे ते या उपचारालाच.

त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगावे, की अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि शौचास डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.) इतर डॉक्टरांनी नातेवाइकांना क्षणभर बाहेर थांबवून रुग्णाला विचारावे. पुष्कळदा पॅरासिटामॉलवर भागते. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक टाळता येत नसेल तर जठराला जपणारी गोळी जोडता येते. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ‘दोन गोळ्या द्या’ म्हटले की काउंटरवर पट्टी कापली जाते. अन्न व औषध प्रशासनाने आपली तपासणी याच काउंटरपासून सुरू करावी.