चित्रांना चालवणारे हात
(द्वितीय वर्ष, कला)

‘कार्टून म्हणजे पोरखेळ’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. गेल्या सत्रात वर्गातील चर्चेसाठी मी हा विषय सुचवला, तेव्हा मित्र हसले. “अरे, काही गंभीर विषय घे की!” असा सल्लाही मिळाला. त्या हसण्याला उत्तर द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना हा परदेशी पोरखेळ वाटतो, त्यांनी आधी आपल्या नाशिक जिल्ह्याकडे पाहावे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आपण परीक्षेपुरता पाठ केला आहे. पण त्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज त्याची चित्रे घेतली आणि अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारी कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. मोठा चित्रपट काढणे अवघड झाले, तेव्हा या माणसाने काडेपेटी उघडली! काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा एक घ्यायचे. ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) ती हीच. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ सालीच काड्यांचा असा खेळ केला होता, तेव्हा कल्पना सर्वस्वी आपली असा खोटा अभिमान नको. पण चणचणीतून वाट काढण्याची जिद्द आपली होती. दुर्दैव हे, की तो चित्रपट आपण जपला नाही.

आता थोडे गणित. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० होतात. बोलपटात सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला १,४४०. हा हिशोब मांडला आणि मला आई आठवली. माझी आई विड्या वळते. दिवसाकाठी हजार वळल्या, की पूर्ण मजुरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्या हजारांतूनच येते. विडी ओढणाऱ्याला वळणाऱ्या बाईचे नाव ठाऊक नसते. चित्रांचेही तसेच नाही का?

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग काढला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, ‘द बनियन डिअर’ (१९५७) तयार झाला, राम मोहन यांच्यासारखे कलावंत तेथे घडले. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचला. त्यातले गाणे आजही अनेकांना पाठ आहे. पण तो करणाऱ्या विजया मुळे यांचे नाव किती जणांना सांगता येईल? मग चित्रे गिरवणाऱ्यांची आणि रंग भरणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

आपण म्हणाल, आता संगणक आहे. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट संगणकावर झाला. आज तर यंत्राला दोन ओळी सांगितल्या, की ते हलते चित्र काढून देते. मग हात हवेत कशाला? पण ते यंत्र शिकले कोणाकडून? माणसांनी काढलेल्या चित्रांवरूनच ना? म्हणजे पुन्हा हात कोणाचे तरी, आणि नाव कोणाचेच नाही!

हा लेख मी आईला वाचून दाखवला. ती हातातले सूप खाली न ठेवताच म्हणाली, “नुसत्या कौतुकानं चूल पेटत नाही रे बाबा. त्यांच्या मजुरीचं बी लिही.” तेव्हा लिहितो : ज्याने चित्र काढले त्याला नाव मिळाले पाहिजे आणि दामही मिळाला पाहिजे. कष्टाचे गोडवे गाणे हा त्याला पर्याय नव्हे.

गुरुजनांना आणि मित्रांना एवढीच विनंती, की येत्या स्नेहसंमेलनात एक तास या चित्रपटांसाठी ठेवावा आणि शेवटचे नाव पडद्यावरून सरकेपर्यंत कोणी उठू नये. जमल्यास आपणही एक मिनिटाचा चित्रपट करून पाहावा. मोबाइल कोणाकडे तरी असेलच. काडेपेटी मी आणतो.