डाग राहिला तर राहू द्या, ॲसिडची बाटली नको

एप्रिल सरला की आमच्या पिंप्राळ्यात गच्च्यांवर सतरंज्या वाळत पडलेल्या दिसतात. भीमजयंतीला घरी-विहारी जेवढी माणसे बसून गेली, त्यांचा सगळा हिशेब त्या सतरंज्यांवर असतो. खिरीचे ओघळ, शेवभाजीची तर्री, मेणबत्तीचे थेंब, हारातल्या झेंडूचा पिवळा ठसा. पाहुणे पुन्हा यायच्या आत हे सगळे निघाले पाहिजे, अशी घाई घरातल्या बाईच्या मागे लागते. आमचे म्हणणे त्या घाईबद्दल आहे.

यंदा आमच्याच वस्तीत एका घरी तर्रीचा डाग काही केल्या निघेना. एकीने त्यावर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. तेवढ्याने भागले नाही म्हणून दुसरीने वरून ब्लिचिंग पावडर टाकली. बाहेर लू चालू, म्हणून दार-खिडक्या बंद. मिनिटभरात दोघींना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रांगते मूल त्याच खोलीत होते. शेजारणीने दार ढकलून सगळ्यांना ओट्यावर आणले म्हणून निभावले. डाग तसाच राहिला आणि सतरंजीला भोक पडले, ते वेगळेच.

ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणजे वाकून घासणारी बाई आणि खाली रांगणारे बाळ, दोघांच्या नाकाच्याच उंचीवर. लिंबू किंवा व्हिनेगर ब्लिचमध्ये मिसळले तरी तोच वायू निघतो. बाळाच्या लघवीच्या डागावर ब्लिच टाकले तर क्लोरामाइन नावाचा दुसरा त्रासदायक वायू तयार होतो. पुष्कळ घरांत नेमके हेच केले जाते.

मग डाग काढायचे कशाने? जे घरात आहे त्याने. तेल-तर्री सांडल्याबरोबर बेसन किंवा मैदा दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांड्याच्या साबणाच्या फेसाने टिपून घ्या. टिपायचे, घासायचे नाही. घासल्याने डाग सुतात खोल जातो. चहा आणि खीर ताजी असतानाच थंड पाण्याने टिपावी. रक्ताला गरम पाणी कधीच लावू नये, डाग पक्का होतो. मेण बर्फाने कडक करून चमच्याच्या कडेने खरवडावे. उरलेल्यावर जुना कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरते. (हे सुती सतरंजीवरच. आपल्या जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटईवर इस्त्री ठेवाल तर चटईच जाईल.) हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, तेव्हा घाबरू नये. साबण धुऊन टाकावा आणि सतरंजी उन्हात घालावी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. खानदेशच्या उन्हाला आपण एवढ्या शिव्या देतो, एवढे एक काम तरी त्याच्याकडून करून घ्यावे. लघवीच्या वासाला आधी भरपूर पाणी, मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवणे पुरते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची टूम सध्या फार आहे. दोन्ही एकमेकांना मारतात आणि फेस डोळ्यांना दिसतो, एवढेच. वेगवेगळे वापरलेले बरे.

ठसका लागलाच तर बादली उचलायला आत थांबू नका. सगळ्यांनी उघड्या हवेत यावे, डोळ्यांवर पंधरा मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी, आणि श्वास लागत असेल तर 108 ला फोन करावा.

ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातले. तरी ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून मोरीत ठेवलेले आपल्याच घरांत सापडते. उन्हाळ्यात तहानलेले पोर ती बाटली कशाची समजेल?

आणखी एक बोलायचे आहे. कार्यक्रमाला सतरंजी अंथरायला चार तरुण धावतात, धुवायच्या दिवशी एकही दिसत नाही. ओली सतरंजी दोघींना उचलत नाही, म्हणून ती खोलीतच घासली जाते, आणि बंद खोलीतच हे अपघात होतात. विहार समितीने धुण्याचा दिवस फलकावर लिहावा आणि त्याखाली पुरुषांची नावे लिहावीत. वर्षावास लागायच्या आत सगळ्या सतरंज्या गच्चीवर नेऊन कडक वाळवायच्या आहेत, कारण पुढे पावसात त्या ओल धरतात, बुरशी येते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. आमच्या वस्तीत पहिला रविवार ठरला आहे. बादल्या आहेत, दोन हात असलेले लोक हवे आहेत.