आकडा सांगा, डॉक्टर!

दादाच्या छातीत दुखू लागले तेव्हा रात्रीचे दोन वाजले असावेत. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात या दुखण्याला पहिले नाव पडते ते ‘गॅस’. वहिनींनी ओवा दिला, सोडा दिला. चारच्या सुमारास शेजाऱ्याच्या जीपने त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे ‘ट्रोप’ची रक्ततपासणी झाली, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ईसीजीचे यंत्र होते, पण त्यातला कागद संपला होता.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायू मरू लागला की ते रक्तात उतरते, पण साध्या पट्टीवर दिसण्याइतके उतरायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे दोन तासांतला ‘निगेटिव्ह’ हा निर्वाळा नव्हेच. मोठा झटका ईसीजीवर बहुधा आधीच दिसतो आणि औषध त्यावरूनच सुरू करायचे असते. इटलीतल्या ‘गिसी’ अभ्यासाने १९८६ सालीच, साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांवरून दाखवून दिले होते की, गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज पहिल्या तासात मिळाले तर मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. पुढे उशीर होत जाईल तसा फायदा आटत जातो. आम्ही मात्र रिपोर्टवर विसंबून सकाळपर्यंत बसलो.

वर्ध्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दादाचे हातपाय गार पडले होते, लघवी थांबली होती. तिथे वेळ दवडला नाही. अँजिओप्लास्टी झाली, बंद रक्तवाहिनी उघडली. मग सुरू झाले आकड्यांचे दिवस.

त्यातला मुख्य आकडा लॅक्टेटचा. पेशींना पुरेसे रक्त, पुरेसा प्राणवायू पोचला नाही की ते रक्तात साठते. साधारण दोनच्या आत असावे. दादाचे सात होते. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचेही आले तेव्हा जवळपास तेवढेच होते म्हणे. त्यांचे रात्रीपर्यंत तीनवर आले आणि पुढे ते पायी घरी गेले. दादाचे सहा तासांनी सहा पूर्णांक आठ, दुसऱ्या दिवशी आठ. मूत्रपिंडाचे क्रिएटिनिनही चढतच होते. एकट्या आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे याला महत्त्व, हे मला तिथे कळले.

बाहेर नातेवाईक जमले होते. “नागपूरला हलवा” हा सल्ला फुकट असतो, देणाऱ्याला. वहिनींनी मला बाजूला घेतले. “भाऊजी, वावर गहाण टाकू का? डाक्टर नुसतं सीरियस हाय म्हनते. सीरियस म्हंजे काय?”

मी तोच प्रश्न ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना विचारला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कागदावर तीन आकडे लिहून वहिनींपुढे धरले. म्हणाले, “हे उतरायला हवे होते, चढताहेत. तुमच्या माणसाचं नेमकं मी सांगू शकत नाही, पण असे आकडे असलेले बहुतेक वाचत नाहीत. हलवण्यात वाटेतलाच धोका मोठा.” १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शॉक’ चाचणीत रक्तवाहिनी तातडीने उघडलेल्यांपैकीही निम्मे सहा महिन्यांत दगावले होते, न उघडलेल्यांपैकी शंभरात त्रेसष्ट. डॉक्टर काही वावगे सांगत नव्हते.

आकडे सांगितले तर घरचे खचतात, असे पुष्कळ डॉक्टर मानतात. मला ते पटत नाही. खचायचे ते आम्ही ‘सीरियस’ या एका शब्दानेच खचलेले असतो. त्यात आंधळेपणाने जमीन जाते, दागिने जातात. आकडा हा फाशीचा हुकूम नव्हे, हेही त्याच दमात सांगता येते. त्या डॉक्टरांनी सांगितलेच की. दहावी शिकलेल्या वहिनींना ते कळले.

वहिनींनी दादाला हलवले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. दोन्ही मुले त्याच्या उशाशी होती.

वावर आहे. यंदा त्यात तूर आणि कपाशी आहे. परवा गावी जाताना वाटेत त्या पहिल्या दवाखान्यात मुद्दाम उतरलो आणि ईसीजीचा कागद आहे का, विचारले. कंपाउंडरने खण उघडून दोन रोल दाखवले.